तिसरी पुरचुंडी

चार नंबरचा तो सुतकी तोंडाचा घोडा सगळ्यांच्या पुढे निघून गेला तेव्हा अख्ख्या मैदानाने कपाळाला हात लावला. हसला तो एकटा घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद. बायको गेल्यापासून तो हसला नव्हता, त्यामुळे गाल दुखल्यासारखे झाले.

तो, बायको आणि मेहुणा, तिघांची पद्धतच तशी होती. कुठला घोडा जिंकणार यावर डोकं फोडायचं नाही. ज्यांच्यात दम नाही ते वगळायचे आणि उरलेल्या पाचांवर पैसे वाटून लावायचे. ज्याचा भाव कमी, म्हणजे बुकी एकाला दोनच देतो, त्याच्यावर जास्त, ज्याचा भाव चढा, एकाला दहा, त्याच्यावर थोडे. पाचांतला कोणीही येवो, हातात पडायचं ते सारखंच, आणि लावल्यापेक्षा थोडं वर. वगळायचे कोण हे नालबंद सांगायचा, कारण त्या घोड्यांचे पाय रोज त्याच्या मांडीवर असायचे. वाटणी बायको करायची आणि पैसे फडक्यात बांधून ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. एकाच माणसाने सगळीकडे पैसे लावले तर बुकीला वास येतो आणि तो भाव पाडतो. म्हणून दोन घोडे नालबंदाचे, दोन मेहुण्याचे, आणि सगळ्यात चढ्या भावाचा एक तिचा. बाईमाणूस असल्या घोड्यावर पैसे लावतंय बघून बुकी फिदीफिदी हसायचा आणि भाव मात्र पुरता द्यायचा.

ती गेल्यावर आजची पहिलीच रेस. वाटणी नालबंदाने स्वतः केली होती, तिची बघून बघून शिकला होता तशी.

मेहुणा कठड्याशी उभा होता. त्याला सगळे बारक्या म्हणायचे आणि दारातून तो वाकून जायचा. तबेल्यात घोडे फिरवायचं काम त्याचं. कसलंही अडेल जनावर तो नुसत्या मनगटावर धरून ठेवायचा.

"काढ बुकीची चिठ्ठी," नालबंद म्हणाला.

"माझ्याकडे कुठली? माझे दोन आणि सात. अजून पळतायत बिचारे."

"थट्टा पुरे. चार नंबरची काढ."

"भावजी, ती तुमच्याकडे ना?"

दोघांचे खिसे उलटे झाले. चिठ्ठी कुठेच नव्हती.

पैसे वखारवाल्याचे होते. तबेल्यांना अंथरायला लाकडाचा भुसा पुरवणारा तो. त्याची लाकडाची वखार तबेल्याच्या भिंतीला लागूनच. पैसे त्याचे, अक्कल यांची, नफा निम्मा निम्मा. मैदानातली आरोळी भिंतीपलीकडे ऐकू जायची, त्यामुळे निकाल त्याला कळला होता. दोघे आत आल्यावर त्याने फाटक ओढून घेतलं. कामगार सुट्टीवर होते.

"या! सुतकी आला म्हणे. मग तुमची तोंडं का त्याच्यासारखी?"

नालबंदाने खरं ते सांगितलं. वखारवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं, ढिगातली एक फळी उचलली आणि बारक्याच्या नडगीवर घातली. बारक्या भुशात तोंडावर पडला. दुसरी फळी पाठीत बसली.

"दोघांतल्या एकाने खाल्लेत," वखारवाला म्हणाला. "कोणी ते तुम्ही ठरवा. मला कोणीही चालेल."

"मी तीन पुरचुंड्या बांधल्या," नालबंद म्हणाला. हे त्याला पक्कं आठवत होतं. बोटांना गाठी आठवत होत्या. "एक माझ्याकडे होती. मग दोन तुझ्याकडे."

"एकच दिलीत. शपथ!"

"शपथ कुणाची घेतोस?"

"ताईची!"

तिथे नालबंदाचं डोकं फिरलं. या पोराला तिने आईविना वाढवलं होतं. अंथरुणाला खिळल्यावरही तिचं एकच, बारक्या जेवला का. आणि आता तिचीच शपथ घेऊन हा खोटं बोलतोय. नालबंदाने त्याला गळ्याला धरून उठवलं आणि तोंडावर ठोसा मारला. नाल ठोकून ठोकून त्याचा हात दगड झाला होता. बारक्याचं नाक बाजूला सरकलं. तो हात उचलेना, म्हणून नालबंदाला आणखी चीड आली. त्याने बरगडीत लाथ घातली. मग परत घातली.

"मार ना उलटा! मार!"

"तुम्हाला कसं मारू?" बारक्या रक्त थुंकत म्हणाला.

वखारवाल्याने मशीन चालू केलं. गोल करवत किंचाळत फिरायला लागली. त्याने बारक्याचं मनगट पकडून मेजावर आणलं आणि ओरडला, "नालबंद, दंड दाबून धर! चोराचा हात राहिला तर उद्या तुझ्याच खिशात जाईल."

नालबंदाने दंड दाबून धरला. लाथा झाडणाऱ्या घोड्याचा पाय धरावा तसा, अंगाचा सगळा भार देऊन. वखारवाला मनगट पात्याकडे ढकलत होता. मेजावरचा भुसा तिघांच्या तोंडावर उडत होता.

"भावजी!" बारक्या जीव खाऊन ओरडला. "तीन कशाला बांधल्या? आपण दोघंच तर आहोत!"

नालबंदाला डोळ्यांसमोर आरसा दिसला. घरातला, भिंतीवरचा. आरशाखालची फळी, तिच्यावर बायकोचा कंगवा, आणि कंगव्याशेजारी ती पुरचुंडी. आपली पुरचुंडी ती नेहमी तिथूनच उचलायची. सकाळी त्याने बांधली, तिथे ठेवली आणि दार ओढून घेतलं.

"थांबा! पैसे घरी आहेत!"

"घरी काय करतायत? रेस बघतायत?" वखारवाल्याने जोर लावला.

नालबंदाने दंड सोडून मनगट मागे खेचलं, पण तोवर पातं लागलं होतं. करंगळी आणि शेजारचं बोट भुशात पडलं. बारक्याचं ओरडणं करवतीच्याही वर गेलं. नालबंदाने कमरेचा हातोडा काढला आणि वखारवाल्याच्या कोपरावर घातला. हाड कडाडलं. वखारवाला गुडघ्यावर आला तरी त्याने शाबूत हात फळीकडे नेला. नालबंदाने त्या हातावरही हातोडा घातला. मग मशीन बंद केलं.

"दोघांना गाडून टाकीन," वखारवाला खालून म्हणाला.

"त्याआधी हात नीट करून घे," नालबंद म्हणाला आणि बारक्याला खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर पडला.

घर तबेल्याच्या मागेच होतं. फळीवर पुरचुंडी तशीच होती. तिचं निळं फडकं, तिच्यासारखीच मारलेली गाठ. नालबंदाने गाठ दातांनी सोडली, नोटा खिशात कोंबल्या आणि फडकं बारक्याच्या हाताभोवती गुंडाळायला लागला.

"दुसरं घ्या काहीतरी," बारक्याने हात मागे ओढला. "ताईचं आहे. खराब होईल."

"गप बस."

"चार नंबर सगळ्यात चढ्या भावाचा. तसला घोडा तिचा असायचा. माझ्याही लक्षात नाही आलं, भावजी. मला वाटलं, लावलाच असेल कोणीतरी."

नालबंदाने फडकं आवळून बांधलं. निळा रंग बघता बघता काळा झाला. या हाताने पुन्हा लगाम धरता येणार नाही हे दोघांनाही दिसत होतं.

"चल डॉक्टरकडे," तो म्हणाला.

बारक्या जागचा हलला नाही. नालबंदाने खांदा पुढे केला. बारक्याने त्या खांद्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे, ज्याने मघाशी त्याचा दंड दाबून धरला होता. तो भिंतीला टेकून एकटाच उठला आणि सवयीने वाकून दाराबाहेर पडला. नालबंद चार पावलं मागे राहून त्याच्या मागोमाग चालायला लागला.