धुक्यात अडकलेला केस

मित्रांनो, मी एक जुना दाढीचा ब्रश आहे, आणि खरे सांगायचे तर तुमच्यावरही माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. मुलांच्या हाती ब्रश लागला की त्याचे काय होते, ते मी सोसले आहे.

सीताबर्डीच्या दुकानात मधुकररावांनी माझे केस ओढून, दांडा वाजवून, दुकानदाराकडे दोनदा निरखून बघून मला घेतले आणि सक्करदऱ्याच्या घरी आणले. माणूस सरळ, पण भारी शंकेखोर. कुणी हात घातला तर कळावे म्हणून डब्यातल्या साखरेवर बोटाने रेघ ओढून ठेवणारे! रोज त्यांच्या गालावर फिरून तो स्वभाव मलाही चिकटला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हातारपणी माझे केस गळू लागले. अर्धे काळे, टोकाला पांढरे. रोज एखादा त्यांच्या गालावर राहायचा. तो चिमटीत धरून ते म्हणायचे, "आता याले बदलाच लागते."

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा डिसेंबर होता. त्यांची मुलगी लतिका चौथीत होती. रविवारी शाळेत 'आमचा हिवाळा' हे चित्रांचे प्रदर्शन होते. धुके काढायचे तर जाड, मऊ, कोरडा ब्रश घ्या आणि पांढरा रंग हलकेच टिपा, असे प्रेमिलाबाईंनी मुलांना शिकवले होते. लतिकाकडे होता उंदराच्या शेपटीएवढा ब्रश. म्हणून शनिवारी दुपारी तिने मला पळवले. मला वाटले, आता ही मला चपलांवर घासणार!

तसे झाले नाही. निळ्या कागदावर तिने तलाव काढला, काठाला बाभळी काढल्या. पांढरा रंग संपला होता, म्हणून आईच्या पानाच्या डब्यातला चुना कालवला. मी टिपत गेलो आणि तलावावर धुके उतरले. आयुष्यभर फेस काढला, पण असा आनंद कधी झाला नव्हता. मात्र पोरीने मला धुतलेच नाही. संध्याकाळपर्यंत चुना वाळून माझा पार खराटा झाला. घाबरून तिने मला दप्तराच्या तळाशी लपवले.

रविवारी सकाळी मधुकरराव वाटीत साबण घेऊन बसले, तर ब्रश नाही. अंगणात बायजाबाई भांडी घासत होती.

"बायजाबाई, माया ब्रश काहून दिसून नाही राह्यला?"

"मले काय माईत, भाऊ? मी काय दाढी करतो काय?"

तेवढ्यात तिचा नवरा धोंडबा तिला घ्यायला फाटकात आला. दोघांना भाच्यासाठी मुलगी बघायला जायचे होते. ज्याची हनुवटी कधी खुंटाशिवाय दिसली नाही, तो धोंडबा आज नेमका गुळगुळीत दाढी करून उभा!

"आजच बरी दाढी झाली गा, धोंडबा," मधुकरराव म्हणाले.

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. बायजाबाई हात पुसत उठली. "सात वर्सं झाली तुमच्या घरी, भाऊ. घ्या, मायी पिशवी पाहून घ्या."

आणि मधुकररावांनी खरोखरच पिशवीत डोकावून पाहिले! आत एक भाकर होती आणि कांदा.

"उद्यापासून येत नाही मी," एवढे बोलून ती निघाली. लतिका दप्तर छातीशी धरून दारात उभी होती. तिच्या छातीची धडधड मला आत ऐकू येत होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण ब्रशाला कुठला आवाज! ती मात्र बोलू शकत होती, तरी बोलली नाही. त्याचा मला फार राग आला.

दुपारी प्रदर्शनात कुणी संत्र्याची फोड रंगात बुडवून ठसे उठवले होते, कुणी दातांच्या जुन्या ब्रशाने शेकोटीच्या ठिणग्या उडवल्या होत्या. लतिकाच्या धुक्याची प्रेमिलाबाईंनी तोंडभरून स्तुती केली. पोरीने हे स्वतःच काढले का, अशी मधुकररावांना शंका आली. ते नाक लावून चित्र पाहू लागले. धुक्यात एक केस अडकला होता. अर्धा काळा, टोकाला पांढरा. त्यांनी तो चिमटीत धरला, अगदी रोजच्यासारखा.

लतिकाने मुकाट्याने मला दप्तरातून काढले. "बाबा, चुना निघूनच नाही राह्यला," म्हणून ती हुंदके देऊ लागली.

मला मुठीत धरून आणि लतिकाला सोबत घेऊन मधुकरराव थेट बायजाबाईच्या दारी गेले. "चुकलो मी," ते म्हणाले. लतिकाही तेच म्हणाली.

बायजाबाईने माझा अवतार पाहिला. "ब्रश सापडला, बरं झालं, भाऊ. पण आमच्या मालकाच्या हनुवटीकडं सारी गल्ली पाहून राह्यली. त्याचं काय करू?"

मधुकररावांनी मला खिशात घातले आणि लतिकाचा हात धरून ते परतले.

चार दिवसांनी ती कामावर आली. पण आता निघताना ती उंबऱ्यात थांबे, पिशवी उलटी करून झटकून दाखवी आणि मगच जाई. "राहू द्या वं, बाई," असे मधुकररावांनी कितीदा विनवले. साखरेवर रेघ ओढणेही त्यांनी सोडले. ती ऐकत नसे.

आता मी लतिकाच्या रंगांच्या डब्यात असतो आणि दर हिवाळ्यात धुके काढतो. मित्रांनो, रंगकाम झाले की ब्रश लगेच धुवा. आणि चूक झाली असेल तर दुसऱ्यावर आळ येण्याआधी बोला. कोमट पाण्यात बरेच दिवस ठेवल्यावर माझे केस थोडेफार मऊ झाले. बायजाबाईची पिशवी मात्र तिने काम सोडले त्या दिवसापर्यंत रोज उंबऱ्यात उलटी होत राहिली.