अंदमानातल्या तीन मोळ्या

सूर्यभाननं पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत समुद्रात बुडवला आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. मोठी लाट आली की आकडा चुकायचा, मग तो दोन आकडे मागं जाऊन तिथून पुन्हा उचलायचा. शंभर झाल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

डॉक्टरनं असलं काही सांगितलं नव्हतं. ते लंकाबाईनं सांगितलं होतं, डॉक्टरच्या नावावर.

ती मागं वाळूत लुगडं सावरून बसली होती आणि नवऱ्याच्या बोटांकडं टक लावून बघत होती. लंकाबाईचं कसं, की तिला खऱ्याचं वावडं नव्हतं, पण नुसतं खरं तिला अळणी लागायचं. तिच्या गोष्टीत खर्ड्याच्या किल्ल्यावर कुणी शिंकलं की जामखेडातली म्हातारी 'सत' म्हणायची. तिच्या लहानपणी म्हणे थंडी अशी पडायची, की बैलाला दिलेली हाळी गोठून बांधावर पडायची आणि दुपारी ऊन लागल्यावर बैल चालायला लागायचा. वस्तीवरच्या बाया हसायच्या आणि अजून एक सांग म्हणायच्या. पण ही डॉक्टरची गोष्ट तिनं हसवायला रचली नव्हती.

झालं होतं असं. बत्तीस वर्षं ही दोघं ऊसतोडीला गेली. दिवाळी उरकली की गोधडी, ताटल्या, पीठ आणि कोयता घेऊन प्रवरेच्या पट्ट्यात, देवळालीकडच्या उसाच्या फडांत. त्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपाशी नेते. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. सूर्यभान तोडायला लागला की मागच्या बाईला पदर खोचायला सवड मिळत नसे, आणि हे मात्र लंकाबाईनं वाढवून सांगितलेलं नाही, मुकादमही तेच सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी फडातच त्याला लकवा मारला. पुढं औषधानं तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला. उजव्या हाताची बोटं तेवढी अर्धी मिटलेली राहिली, कोयत्याची मूठ अजून हातात असल्यासारखी. पुढच्या दिवाळीला वस्तीवरच्या गाड्या भरल्या आणि सूर्यभान ओट्यावर बसून त्या जाताना बघत राहिला. नंतर संक्रांतीपर्यंत तो कुणाशी धड बोलला नाही. जेवायचा अर्धी भाकरी. खुंटीवरचा कोयता त्यानं पातं भिंतीकडं करून ठेवला.

आता पुन्हा दिवाळी आली. आणखी एक असला हिवाळा हा माणूस काढायचा नाही, हे लंकाबाईला दिसत होतं. त्यांचा मुलगा कल्याण लष्करात ड्रायव्हर, त्याची बदली अंदमानला झालेली. तो कधीपासून या या करत होता, तिकिटंही पाठवतो म्हणाला. सूर्यभान म्हणायचा, फिरायला हातपाय धड लागतात. मग एका संध्याकाळी लंकाबाईनं जामखेडहून औषधं आणली आणि सोबत ही गोष्ट आणली: डॉक्टर म्हणाला, अंदमानच्या समुद्रात रोज सकाळी शंभर मोजेपर्यंत हात धरला तर बोटं मोकळी होतात.

शेजारची चांगुणा तिला म्हणाली, "लंका समिंद्रापल्याडच असती. एवढी वर्सं चुकून हिकडं ऱ्हायली हुतीस."

गाड्या भरायच्या आदल्या दिवशी दोघं निघाली. विमान ढगांच्या वर गेलं तेव्हा लंकाबाईनं खिडकीतून खाली बघितलं आणि एवढा माल इथं पडलेला असताना आपल्या वस्तीवर टँकर का येतो, असं शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं. त्यानंही मान लांबवून खाली बघितलं.

कल्याणच्या क्वार्टरवर सामान उघडलं आणि मोठ्या बॅगेतून, गोधडीच्या घडीतून कोयता निघाला. कल्याण हसून लोळायचा बाकी राहिला. "आई, फिराया आलीस का तोडीला?" लंकाबाई जरा ओशाळली. तिचं काही चुकलं असं तिला वाटत नव्हतं. उभ्या जन्मात घर सोडून लांब जायचं म्हणजे गोधडी, ताटली आणि कोयता, हाताला तीच सवय. कुलूप लावताना तिनं तो खुंटीवरून आपसूक काढला होता.

सूर्यभान हसला नाही. "कुनासाठी आनलास?"

"नारळ फोडाया," ती म्हणाली.

त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

तर आज सहावा दिवस. या सहा दिवसांत लंकाबाईनं पाहायचं ते सगळं पाहिलं होतं. काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहिले, पैठणीच्या काठासारखे. समुद्राचं पाणी चाखलं आणि एवढं पाणी मिठाच्या एका चुकीपायी वाया गेलं म्हणून हळहळली. पाठीला नळकांडं बांधून पाण्याखाली नेतात म्हणे, तर तिलाही जायचं होतं, पण लुगड्यावर नेत नाहीत म्हणाले. सूर्यभान सोबत चालायचा, दाखवलं तिकडं बघायचा आणि सकाळी इमानानं हात बुडवायचा. बोटं होती तशीच होती. आता दोनच दिवस उरले होते. असाच हात घेऊन तो घरी गेला, तर पुढं कशावरच विश्वास ठेवणार नाही, आणि तिच्यावर तर मुळीच नाही. गोष्ट रचताना तिनं शेवटाचा विचार केला नव्हता.

"शंभर," सूर्यभान म्हणाला. त्यानं हात बाहेर काढला, बोटांकडं बघितलं आणि पायजम्याला पुसला.

त्या दिवशी कल्याणला सुट्टी नव्हती. त्यानं दोघांना अकरा पर्यटकांच्या टोळीत बसवून दिलं. बिस्वास नावाचा बंगाली वाटाड्या होडीतून खाडीनं आत नेणार, तिथून तासभर जंगलातून चालत एका धबधब्याशी. लंकाबाईनं पिशवीत बाजरीच्या भाकरी, ठेचा, दोन शहाळी भरली आणि शहाळ्यांसाठी म्हणून कोयताही, फडक्यात गुंडाळून.

जंगलात शिरल्यावर ती मान मागं टाकूनच चालायला लागली. झाडं अशी उंच, की खालून हाक मारली तर शेंड्यावरच्या पाखराला ती दुसऱ्या दिवशी ऐकू जावी. त्या झाडांवर वेल, वेलांवर नेचे, नेच्यांवर शेवाळ. जमीन कुठं म्हणून रिकामी नाही. "ह्यांच्यात परपंच लई दाटीचा," ती म्हणाली. सूर्यभाननं एका वेताच्या वेलाला डाव्या हातानं दाबून बघितलं. मनगटाएवढा जाड, अंगभर काटे, झाडावरून झाडावर गेलेला. "उसाचा थोरला भाऊ," तो पुटपुटला. सहा दिवसांत बघितलेल्या कशाबद्दल त्यानं आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

धबधबा बघून परतताना पाऊस आला. तो तिथं सांगून येत नाही. अर्ध्या तासानं उघडला आणि वळणावर बिस्वास थबकला. येताना मोकळी होती त्या पायवाटेवर एक कुजकं झाड आडवं पडलं होतं, आणि पडताना त्यानं अंगावरचं वेताचं सगळं जाळं ओढून आणलं होतं. पुरुषभर उंच, काट्यांचं. दोन्ही बाजूंना दलदल. होडी पलीकडं पाचशे पावलांवर. बिस्वासनं सगळ्यांना सांगितलं की खाडीला ओहोटी लागली आहे, तासाभरात पाणी उतरेल, मग होडी चिखलात बसेल आणि भरती येईपर्यंत इथंच थांबावं लागेल. खाडीत मगरी आहेत, हे त्यानं सांगितलं नाही, पण ते त्याचं सकाळी सांगून झालं होतं. मोबाईलला रेंज नव्हती. त्याच्यापाशी फळं कापायचा एक चाकू होता.

पुण्याची एक मुलगी रडायच्या बेताला आली. लंकाबाईनं पिशवी खाली ठेवली, भाकरी बाजूला काढल्या, ठेचा बाजूला काढला आणि फडकं सोडलं. बिस्वास कोयत्याकडं आणि म्हातारीकडं आळीपाळीनं बघत राहिला.

तिनं पदर खोचला आणि पहिला घाव घातला. वेल तुटला, पण ताणातला होता. तो सापासारखा उसळला आणि तिच्या कानाजवळून सणकन गेला. गालावर एक लाल रेघ उठली.

"थांब," मागून आवाज आला.

सूर्यभान एका मुळावर बसला होता तो उठला. जाळ्याभोवती, जमेल तेवढा, एका बाजूनं फिरला. कुठला वेल कशावर लटकलाय, कुठं सैल पडलाय, फडाच्या कडेला उभं राहून ऊस बघावा तसं त्यानं बघून घेतलं.

"ताणाचा आधी तोडू न्हाई. ह्यो सैल हाय, ह्याला बुडात घे. मंग त्यो मोकळा हुतोय."

"बोटं टाकू नका तिथं, काटं हायती," लंकाबाई म्हणाली.

"बोटं कुठं हायती मला," तो म्हणाला. त्यानं पंचा उजव्या कोपराला गुंडाळला, कोपर वेलात अडकवलं आणि सगळं अंग मागं टाकून वेल वाकवला. "हान."

तिनं बुडात घाव घातला. वेल गपकन त्याच्या बाजूला आला. त्यानं तो ओढून मागं टाकला आणि दुसऱ्यात कोपर घातलं. "हान."

बत्तीस वर्षं तो पुढं आणि ती मागं. आज ती पुढं, तो मागं. पहिले चार घाव अडखळत गेले, मग ताल सापडला. हान म्हणायचीही गरज उरली नाही. तो वाकला की ती मारायची, ती सरकली की तो ओढायचा. टोळीतले लोक तुटलेले वेल उचलायला पुढं झाले, तर त्यानं त्यांना नुसत्या नजरेनं बाजूला केलं, कारण दोघांच्या मध्ये तिसरं माणूस आलं की पायावर घाव बसतो. पाऊण तास गेला नसेल, पलीकडची वाट दिसायला लागली. लोक एकेक करून खोडावरून पार झाले. बिस्वास चला चला करत होता.

पण सूर्यभान काही हलेना. तुटलेले वेत वाटेत पसरले होते. त्यानं ते पायानं गोळा केले, शेंडे एका बाजूला, बुडखे एका बाजूला, आणि एक बारीक वेल दातात धरून डाव्या हातानं वेढा घातला. बिस्वास हिंदीतून विनवत होता, बाबा, राहू द्या, इथून कुणी न्यायचं नाही.

"वाटंत पसारा ठिऊ न्हाई," सूर्यभान त्याला मराठीत म्हणाला.

लंकाबाईनं मुकाट्यानं गाठीवर गुडघा दिला. एक मोळी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. अंदमानच्या जंगलात, दलदलीच्या कडेला, कुठल्याही गाडीची वाट न बघणाऱ्या तीन मोळ्या ओळीनं उभ्या राहिल्या, आणि मग तो निघाला.

होडी तळाला चिखल घासत कशीबशी सुटली. लोकांनी दोघांना मधल्या फळीवर बसवलं. पुण्याच्या मुलीनं लंकाबाईच्या गालाला मलम लावलं. सूर्यभानच्या कोपरातनं रक्त येत होतं आणि तो पंच्यानं ते टिपत होता. पाण्याकडं बघत तो हळू म्हणाला,

"डाक्टर तसलं काय म्हनला नव्हता. मला ठावं हुतं."

लंकाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "कवापासनं?"

"जामखेडातनं आलीस तवापासनं. तू डाक्टरचं खरं सांगतीस तवा हळू बोलतीस. ह्ये मातर लई मोठ्यानं सांगितलंस."

"मंग रोज हात कशाला बुडवीत हुतासा?"

"तू वाळूत बसून बघायचीस ना," तो म्हणाला. "भाकर दे."

ती त्यानं अख्खी खाल्ली, वर आणखी अर्धी मागितली.

वस्तीवर परतले तेव्हा निम्मी घरं कुलपात होती. तोडीला न जाऊ शकणारी तेवढी माणसं उरलेली, म्हातारी, गुडघ्यांनी गेलेली, डोळ्यांनी गेलेली. ती सगळी संध्याकाळी ओट्यावर जमली. लंकाबाईनं गोष्ट सुरू केली. अकरा माणसांची चाळीस झाली. होडीचं जहाज झालं. वेत ताडाएवढे जाड झाले, आणि ते सगळे सूर्यभाननं एकट्यानं, उजव्या हातानं तोडले. शेवटी खाडीतून मगर आली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी लांब, ती मोळ्या बघून मागं फिरली.

चांगुणा तोंडाला पदर लावून ऐकत होती. म्हातारा पुंजाराम मात्र सूर्यभानकडं वळला. वस्तीत साऱ्यांना माहीत होतं की सूर्यभान जन्मात खोटं बोललेला नाही.

"सूर्यभान, ही म्हनती ते खरं का रं?"

सगळ्यांचे डोळे त्याच्या मांडीवरच्या अर्ध्या मिटलेल्या बोटांवर गेले. लंकाबाई चहाचे कप गोळा करता करता थांबली.

"न्हाई," सूर्यभान म्हणाला. त्यानं आपला कप तिच्या हातात दिला. "ही लई कमी करून सांगती. मगर दोन ट्राल्यांची हुती."

ओटा हसून हसून हलला. पुंजारामला ठसका लागला.

माणसं पांगली. घरात जाऊन सूर्यभाननं कोयता पुसला आणि खुंटीला लावला, पातं बाहेर करून. समुद्राच्या पाण्याची एक बाटली त्यांनी आणली होती, ती वाटेत बॅगेतच गळून गेली होती. तो पाण्याच्या पिंपाशी गेला, टँकरचं पाणी पातेल्यात घेतलं आणि ते चुलीपाशी तिच्यापुढं ठेवलं.

"मीठ टाक."

तिनं मूठभर टाकलं. त्यानं बोटानं चाखून बघितलं.

"अजून. तिथलं लई खारट हुतं."

तिनं आणखी टाकलं. तो पाटावर बसला, बाही सारली, हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवला आणि मोजायला लागला. लंकाबाई पीठ मळता मळता ऐकत होती. साठाच्या पुढं त्याचं चुकलं. तिनं मान वर न करता पुढचा आकडा सांगितला.