भैरूची भाकर

सुरतेतल्या डिंडोलीच्या शोभाबाईंचा रोजचा नेम होता. दत्ताच्या तसबिरीला भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, त्यातला चतकोर नवऱ्याच्या, निंबाच्या हातून दारातल्या भैरू कुत्र्याला घालायचा आणि मगच आपल्या तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा. खानदेशातून सुरतेत आल्या तेव्हा घरात घंटा नव्हती, म्हणून ताटलीवर उलथनं वाजवून आरती करत. पुढं घंटा घेण्याची ऐपत आली, पण देवाला आता हाच आवाज ओळखीचा, म्हणून ती राहूनच गेली.

भैरूलाही तोच ओळखीचा. ताटली वाजेपर्यंत कुणी जिलबी टाकली तरी तो मान फिरवी. वाजली की उठून थेट निंबापाशी जाई. चतकोर द्यायचं काम घरधन्याचं.

पण चैत्रात निंबाला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, उजव्या हाताची मूठ मात्र मिटली ती मिटलीच. साडीच्या कारखान्यात ज्या हातानं तुटलेला धागा डोळे मिटून जोडला, तो हात मांडीवर दगडासारखा पडून राही; भैरूचा चतकोर आता डाव्या हातानं. आत्ता हलवला नाही तर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ट्रस्टच्या दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या स्वप्नाबेननं रबरी चेंडू दिला, तर निंबा म्हणाला, "मी काय पोऱ्या शे, चेंडू खेळाले?"

स्वप्नाबेन हसली नाही. म्हणाली, "काकी, काही ठिकाणी रोग्यांजवळ कुत्रं बसवतात. चेंडूसाठी नाही, पण मुक्या जिवासाठी माणूस हात हलवतो. ट्रस्टनं एका कुत्र्याला परवानगी दिलीय. तुमचा भैरू आणा. पारखून बघू."

"त्याला काही येत नाही हो, ताई. नुसता बसतो."

"हुशार नकोच आहे. अंगावर उड्या न मारणारा, दणक्याला न दचकणारा, परक्या हातालाही आपलं म्हणणारा हवा."

ठरलेल्या गुरुवारी निंबाला आणि भैरूला न्यायला रिक्षा लवकर आली. ताटली वाजवायची राहिली, म्हणून पाण्याचा घोटही राहिला. शोभाबाईंनी भाकर फडक्यात बांधून पिशवीत टाकली, 'येऊन करते रे बाबा,' म्हणून तसबिरीला हात जोडले, आणि सवयीनं भैरूच्या कपाळालाही कुंकू लावलं.

दवाखान्यात हितेशभाईही आपला कुत्रा, टायगर, पारखायला घेऊन आलेले. उंचापुरा, तेल लावल्यासारखा चकचकीत. कुंकू बघून ते म्हणाले, "काकी, याचाही गुरुवार आहे की काय? फराळाला साबुदाणा देता?"

"तुमच्या टायगरलाही देईन, भाऊ. खाईल तर," शोभाबाई हळूच म्हणाल्या.

टायगरनं पंजा दिला, लोळून दाखवलं. खाटांवरची माणसं खूश. भैरू नुसता बसला. कुबड्यावाल्या आजोबांनी त्याचा कान पिळला, तरी त्यानं फक्त डोळे मिटले. मग स्वप्नाबेननं बिस्किट पुढं केलं. भैरूनं मान फिरवली. दुसरं दिलं, तेही नाही.

"काकी, हा घाबरलाय वाटतं," स्वप्नाबेन उतरल्या आवाजात म्हणाली. "हातचं खात नसेल तर रोग्यांजवळ कसा सोडू?"

शोभाबाईंना कारण उमगलं. घाबरलेला नव्हता तो, त्यांचाच नेम पाळत होता. आयुष्यभर ज्या नेमानं घर राखलं, तोच आज निंबाच्या हाताच्या आड यावा? "घे रे, बाळा," त्या कळवळून म्हणाल्या. "आज चालतंय." भैरूनं त्यांच्याकडं पाहिलं आणि शेपूट जराशी हलवली. बिस्किट तिथंच.

शेवटची पारख आवाजाची. स्वप्नाबेननं खूण केली आणि मागून आयानं स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. खणणण!

टायगर खाटेखाली. हितेशभाईंनी कितीही हाका मारल्या तरी बाहेर येईना.

भैरू मात्र उठला. अंग झाडलं आणि सगळ्यांना ओलांडून संथपणे निंबापाशी गेला. मांडीवरच्या मिटल्या मुठीला नाक टेकवलं आणि थांबला. भुंकला नाही, चाटलं नाही. वाट बघत उभा राहिला.

"आज काहीच नही शे रे मना हातमा," निंबा पुटपुटला.

भैरू हलला नाही. निंबाचा चेहरा लाल झाला, मान ताठली. मुठीतलं एक बोट थरथरलं, मग त्याच्याशेजारचं. जेमतेम फट पडली. स्वप्नाबेननं तोंडावर हात ठेवला.

शोभाबाईंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी फडकं सोडलं, भाकरीचा चतकोर मोडला आणि त्या फटीत अडकवला. भैरूनं तो नुसत्या ओठांनी ओढून घेतला. बोटाला दात लागू दिला नाही.

"योगराजनी माय," निंबानं लेकाच्या नावानं बायकोला हाक मारली. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाजात जुनी ऐट. "उद्या तो चेंडू नको. भाकर जास्त आण."

"पारख झाली, काकी," स्वप्नाबेन म्हणाली. "उद्यापासून भैरू कामावर."

खाटेखालून टायगरचं नाक बाहेर आलं. शोभाबाईंनी उरलेल्या भाकरीतला तुकडा त्याच्यापुढं धरला, त्यानं तो झटकन घेतला. हितेशभाई ओशाळून हसले.

"भाऊ," शोभाबाई म्हणाल्या, "आता मला जरा पाणी द्या."