तिसऱ्या सिलिंडरचा जुना धनी

मला ओळखलंत? नाहीच ओळखणार. गॅरेजच्या टेबलावर मी खाली डोकं वर पाय करून उभा आहे आणि माझ्या पोकळ पोटात दोन पेनं, एक बोथट पेन्सिल आणि एक मोडका चमचा खुपसलाय. येणारेजाणारे मला पेनदाणी समजतात. समजोत बापडे. पण मी पिस्टन आहे! डॉक्टरीणबाईंच्या जुन्या मोटारीतला, तिसऱ्या सिलिंडरचा.

वितळलेला धातू साच्यात ओतून आम्हा चौघा भावांना घडवलं. चौघेही एकाच वजनाचे, एकाच तोंडवळ्याचे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बारीकसा बाण कोरलेला. इंजिनात बसलो, डोक्यावर काजळी चढली आणि तो बाण कुठल्या कुठे गेला. मीही त्याला विसरलो.

बाई गुरांच्या डॉक्टर. कुठे गाय अडली, कुठे घोडा लंगडला, की बाई निघाल्याच. त्यांच्या पायाचा दाब मला पाठ होता. चढ आला की त्या आधी पाय जरासा उचलायच्या आणि मग हळूच दाबायच्या. जणू विचारायच्या, "जमेल ना रे?" तो प्रश्न त्या मलाच विचारतात असं मी धरून चाललो होतो. बाकीचे तिघे भाऊ काय धरून चालले होते, ते मी कधी विचारलं नाही.

पण झिजायचं कुणाला चुकलंय? मी सिलिंडरमध्ये सैल पडलो, गाडी धूर ओकू लागली. गॅरेजच्या मेस्त्रींनी हात पुसत सांगितलं, "बाई, इंजिन उघडून नव्यानं बांधायला झालं." माझे भाऊ भंगारात गेले. मेस्त्रींच्या मुलीला, म्हणजे सगळे जिला धाकटी मेस्त्री म्हणतात तिला, माझा आकार आवडला, म्हणून मी टेबलावर आलो. डोक्यावर उभा.

आणि मग ते चौघे नवे पिस्टन आले. तेलकट कागदात गुंडाळलेले, चकचकीत, अंगावर एक ओरखडा नाही. धाकटीनं त्यांना असं अलगद उचललं, जसं कुणी न्हालेल्या बाळाला उचलावं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. माझ्या जागी बसणाऱ्याला तर मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होतो. बाईंचा पाय आता याच्यासाठी दाबला जाणार! काय केलंय यानं? चढ पाहिलाय का कधी आयुष्यात?

इंजिन बांधून झालं. बाई आल्या, मोटार सुरू केली आणि आतून आवाज आला. ठक, ठक, ठक.

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की पोटातली पेनं वाजायची तेवढी राहिली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यानं एक दिवससुद्धा काढला नव्हता.

मेस्त्रींचा चेहरा पडला. बाईंनी इंजिन बंद केलं.

"मेस्त्री, माझं वय झालं, हिचंही झालं. आवाज गेला तर ठीक. नाहीतर विकून टाकते, उगाच तिचे हाल नकोत."

"चार दिवस द्या बाई," मेस्त्री म्हणाले. धाकटीनं हात लावलेलं हे पहिलं पूर्ण इंजिन होतं. हे जमलं, की गॅरेज तिच्या हाती सोपवायचं मेस्त्रींच्या मनात होतं. ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मग शोध सुरू झाला. आधी व्हॉल्व्हच्या फटी पुन्हा मोजल्या. आवाज तसाच. तेलाचा दाब पाहिला, तो उत्तम. म्हणजे बेअरिंगचा दोष नाही. धाकटीनं लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली.

"बाबा, थंड असताना जोरात येतो, तापलं की कमी होतो."

"मग पिस्टनच. एकेकाच्या प्लगची वायर काढून बघ. जिथे आवाज मंदावेल, तो दोषी."

पहिल्याची काढली, ठकठक तशीच. दुसऱ्याची काढली, तशीच. तिसऱ्याची काढली आणि आवाज एकदम मंदावला.

तिसरा! माझाच! मी मनातल्या मनात उड्या मारल्या.

"मालच खराब आलाय," मेस्त्री म्हणाले, "नवा पिस्टन बाद." पण हे म्हणताना ते मुलीकडे बघत नव्हते. कारण तो तिसरा पिस्टन एकट्या तिनं बसवला होता. तिलाही ते समजलं. "माल कशाला, माझा हात म्हणा ना," असं म्हणून ती टेबलापाशी येऊन बसली.

बसल्या बसल्या तिनं माझ्यातली पेनं काढून बाजूला ठेवली आणि मला उचललं. आता खरं सांगतो, मला वाटलं, आलं हिच्या ध्यानात! नवा बाद, जुना खणखणीत! गाडी विकली जाईल, मुलीचं नाव खराब होईल, याची मला तेव्हा फिकीर नव्हती. मला फक्त माझी जागा दिसत होती.

तिनं मला उलटसुलट केलं आणि मला दांड्याशी जोडणारी पिन जाते त्या भोकात बोट घातलं. "बाबा, याचं गजनपिनचं भोक बरोबर मधोमध नाही. एका अंगाला सरकलेलं आहे."

"असतंच ते तसं. पिस्टन भिंतीवर आपटू नये म्हणून. त्यासाठीच तर डोक्यावर बाण असतो."

तिनं रॉकेलच्या चिंधीनं माझं डोकं घासलं. मी म्हणत होतो, काजळी, धरून राहा! पण आपलेच दात आपलेच ओठ. इतक्या वर्षांची काजळी सुटली आणि बाण वर आला.

"बाण कुठे करायचा, बाबा?"

"किती वेळा सांगितलंय? बाण आपल्याकडे."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

मेस्त्रींनी इंजिनापुढे पडलेल्या स्टुलाकडे पाहिलं. ते जन्मभर इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पंख्याकडे उभं राहून काम करतात. म्हणून त्यांचा 'आपल्याकडे' म्हणजे पुढे. त्या दिवशी पहिला, चौथा आणि दुसरा असे तीन पिस्टन बसवल्यावर त्यांचा गुडघा धरला आणि ते तिथेच पुढे स्टूल टाकून बसले. पोरीला उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून ती मागच्या बाजूला गेली. आणि बापाचा शब्द प्रमाण मानून तिनं बाण आपल्याकडे केला.

"म्हणजे उलटा बसला," मेस्त्री म्हणाले आणि कपाळावर हात मारून हसायला लागले. "अगं, चूक माझ्या तोंडाची आहे. आजपासून बाण पंख्याकडे म्हणायचं."

इंजिन उघडलं. नव्याच्या अंगावर जेमतेम एक पुसट रेघ उठली होती. त्याला बाहेर घेतला, बाण पंख्याकडे करून परत बसवला. मी जे विचारणार होतो त्याचं उत्तर धाकटीनं माझ्याकडे बोट दाखवत सहज देऊन टाकलं, "हा तर आता तिथे बसणारच नाही. सिलिंडर आतून कापून मोठा केलाय ना."

बाई आल्या. मोटार सुरू झाली. ठकठक नाही. मी खूप कान देऊन ऐकलं, एखादी तरी चुकार ठक सापडेल म्हणून. नाही सापडली. मेस्त्रींनी गॅरेजच्या किल्ल्या धाकटीच्या हातात दिल्या आणि गुडघा चोळत बसले.

निघताना बाई आत आल्या. धाकटीनं मला त्यांच्या हातात ठेवलं. "तुमचा जुना तिसरा. यानंच चूक दाखवली."

बाईंनी मला तळहातावर तोललं. "इतकी वर्षं याच्या जिवावर फिरले आणि बघतेय आज पहिल्यांदा." मग म्हणाल्या, "नवा कसा दिसतो गं?"

"तो नाही दिसणार आता, बाई. दिसला तर समजायचं, पुन्हा काहीतरी बिघडलं."

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. सरळ, डोकं वर. मोटार फाटकातून बाहेर पडली, पुढच्या चढाला लागली. तिथे इंजिनाचा आवाज क्षणभर हलका झाला आणि मग भरला. बाईंनी पाय उचलून दाबला होता.

अजून पोटात दुखतं माझ्या, नाही म्हणत नाही. अरे नव्या, बाईंचा पाय तुला लाभला, त्यांचे चढ तुला लाभले. पण त्यांनी हातात घेतलं ते मला. तुझं तोंड त्यांना कधी दिसू नये रे, नव्या. कधीच दिसू नये.