परवडणारा पराभव

धावण्याच्या संघात मुलं-मुली मिळून चाळीस जण होते आणि त्यांतले धावणारे पाच. उरलेले पस्तीस वळणापर्यंत धावत, वळणावर झाडी होती तिथं चालत, आणि झाडी संपली की पुन्हा धावत बाहेर येत. शिट्टीसरांना हे माहीत होतं. माळ्यानं झाडी छाटू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "असू दे. पोरांना सावली होते."

शिट्टीसर म्हणजे कॉलेजचे क्रीडा प्रशिक्षक. गळ्यातली शिट्टी ते ऑफिसात, लग्नकार्यात, एवढंच काय दाताच्या डॉक्टरकडेही काढत नसत, म्हणून हे नाव. कॉलेज लहान होतं. स्वतःहून तिथं कोणी येत नसे, आणावं लागे. आणि आणायचं काम सरांचं होतं. दर सुट्टीत माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन ते घरोघर फिरत. ज्या मुलाला कुठंच प्रवेश मिळालेला नसे त्याच्याकडे निरखून बघत आणि आईबापांना हळूच म्हणत, "ह्याच्या पायात काहीतरी आहे." पायात बहुतेक वेळा चप्पल असे. पण जन्मल्यापासून त्या मुलाबद्दल कोणी चांगलं बोललेलं नसल्यामुळे आईबाप विरघळत, आणि फी भरत.

धावण्याचाच संघ एवढा मोठा का, हे कॉलेजच्या हिशेबनिसानं सरांना एकदा समजावून सांगितलं होतं. त्याच्या टेबलावर गेलेलं बिल आखूड होऊनच परत येई, म्हणून त्याला सगळे कात्री म्हणत. कात्री म्हणाला होता, "पोहायला पाणी लागतं सर, टेनिसला जाळी लागते. धावायला रस्ता लागतो, आणि तो नगरपालिकेचा आहे. तुमचा संघ म्हणजे आमची सोन्याची अंडी देणारी कोंबडी." मुलांना ट्रॅकसूट मिळे, पालकांना फोटो मिळे, कॉलेजला चाळीस जणांची फी मिळे. कोणाचंच काही बिघडत नव्हतं.

फुटबॉलचा संघ त्याहून गुणी. तो दरवर्षी पहिल्याच फेरीत, घरच्याच मैदानावर हरे. हरला की अर्ध्या तासात खेळाडू आपापल्या घरी. प्रवासखर्च नाही, राहण्याचा खर्च नाही, चहासुद्धा ज्याच्या त्याच्या घरचा. प्राचार्या मॅडम वार्षिक अहवालात त्या संघाचं वर्णन 'सातत्यपूर्ण' असं करत.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना सरांची भाची कॉलेजात आली.

तिला त्यांनी आणलं नव्हतं. बहिणीच्या घरी ते जेवायला गेले होते आणि एक माहितीपत्रक सोफ्यावर राहून गेलं होतं. आठवड्यानं बहिणीचा फोन. "दादा, ही हट्टच धरून बसलीय. मामाच्याच कॉलेजला जाणार म्हणते. तिथून पुढं खरंच काही होतं का रे?"

सरांनी शंभर पालकांना सांगितलेलं वाक्य सवयीनं सांगितलं. "अंतिम स्पर्धेत मोठ्या संस्थांची माणसं बसलेली असतात. एकानं बोट दाखवलं की शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट."

"मग झालं तर. तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे."

फोन ठेवल्यावर सरांना जरा कसंतरीच झालं. हे वाक्य खरं ठरण्याचा धोका पहिल्यांदाच निर्माण झाला होता.

कारण पोरगी धावायची. बघायला त्यात काही नव्हतं. ना ऐट, ना झेप. बाजारात निघाल्यासारखी निघायची. पण हातातल्या घड्याळाकडे पाहिलं की तोंड उघडं राही. एक फेरी जेवढ्या वेळात, तेवढ्याच वेळात दुसरी, आणि तेवढ्याच वेळात बारावी. उणीव एकच: शेवटी झपाटा मारणं तिला जमत नसे. शेवटच्या फेरीत कोणी बरोबरीला आलं की तिचे पाय जागच्या जागी अडकत. सरांनी त्यावर साधा उपाय काढला होता. "तू आधीच एवढी पुढं जा, की शेवटी बरोबरीला यायला कोणी उरणार नाही." ती तसं करू लागली आणि झाडीतले पस्तीस जण वळणावर थांबून तिच्याकडे बघू लागले. एकदोघे तर तिच्यामागं खरंच धावायला लागले. संघात ही एक नवीनच भानगड होती.

विभागीय स्पर्धा शनिवारी होती. बुधवारी मॅडमनी बोलावणं पाठवलं. कात्री आधीच येऊन बसला होता, म्हणजे विषय खेळाचा नव्हता.

"सर, तुमची भाची फार छान धावते म्हणे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. पहिल्या तिघींत येणारच. अंतिम स्पर्धेला जाणार."

"अरे वा," असं म्हणून मॅडमनी चष्मा काढला. घरातलं कोणी दवाखान्यात असल्याचं कळल्यावर काढतात, तसा.

कात्री खाकरला. "अंतिम स्पर्धा कुठं आहे ते पाहिलंत? जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. ती, तुम्ही, शिवाय मुलगी म्हणून सोबत एक बाई. राहणं, विमा, नोंदणी. बरं, पात्र ठरून गेलो नाही तर महासंघ संघाची मान्यता काढतो. मान्यता गेली की चाळीस जण गेले."

"मी माझ्या खिशातून नेतो तिला."

"तुमचा खिसा आम्हीच भरतो, सर. त्याची खोली आम्हाला ठाऊक आहे."

"आणि समजा गेली," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि चमकली. मग ती परत इथं येईल? तिची पुढची तीन वर्षं आपण धरून चाललोय. छप्पर दुरुस्त करायचंय, सर."

"म्हणजे तिला उतरवूच नको का?"

"छे! असं कसं?" मॅडम खरोखरच दुखावल्या. "उतरवा की. फोटो हवेत आपल्याला. आपला भर सहभागावर आहे, एवढंच. निकालाचा हट्ट नको."

"फुटबॉलवाल्यांकडे बघा," कात्री म्हणाला. "किती सांभाळून खेळतात."

सर उठले तेव्हा मॅडमनी टेबलावरचं एक पाकीट दोन बोटांनी सारखं केलं. "तुमच्या कराराचं पत्र हे. सोमवारी सही करते. शनिवार-रविवार मध्ये गेला की डोकं शांत होतं."

सरांचा करार दरवर्षी संपे आणि दरवर्षी नवा होई. पंधराव्या वर्षीही ते हंगामीच होते, कैरीसारखे. पन्नाशी उलटलेल्या हंगामी माणसाला दुसरीकडे कोण घेणार? घरी त्यांनी ही गोष्ट काढलीच नाही. बायको म्हणाली असती, "सोडा ती नोकरी," आणि मग सोडावी लागली असती.

दोन दिवस ते विचार करत राहिले. आजारी पाडणं, बुटांचा घोळ घालणं, गाडी उशिरा नेणं, हे सगळं त्यांना हलकं वाटलं. पंधरा वर्षं प्रशिक्षण दिलेल्या माणसाला ते शोभणारं नव्हतं. शनिवारी सकाळी, मैदानाच्या कडेला भाची बुटांच्या नाड्या आवळत असताना, ते तिच्याशेजारी उकिडवे बसले.

"आज डाव बदलू. पहिल्या दहा फेऱ्या घोळक्यात राहा. पुढं अजिबात जायचं नाही. वाऱ्याचा मार दुसऱ्यांना खाऊ दे. शेवटच्या दोनात काय ती मुसंडी मार."

तिनं वर पाहिलं. "शेवटी? मी?"

"मामा सांगतोय ना."

"बरं."

शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या प्रशिक्षकानं मान डोलावली. डाव अगदी पुस्तकी होता. त्यात खोट काढायला धावणारीला आतून ओळखणारं माणूस हवं होतं, आणि तसं एकच होतं.

शर्यत सुरू झाली. भाची घोळक्यात राहिली. अरुंद रस्त्यावर बैलगाडीमागं अडकलेल्या मोटारीसारखी ती आखडत, पाय मोजून टाकत होती. पाचव्या फेरीला तिनं वळणावरून मामाकडे पाहिलं. सरांनी तळहात खाली दाबला: थांब. सातव्याला पाहिलं. पुन्हा तळहात. त्यानंतर तिनं पाहिलंच नाही. दहावी फेरी संपली, तशा झपाटा असलेल्या पोरी सुटल्या. ही पण सुटली, दोघींना मागं टाकलं, शेवटच्या वळणावर तिसरीच्या खांद्याला खांदा लावला. सरांच्या तोंडून "पळ!" निघालं आणि निघाल्याबरोबर त्यांनी शिट्टी दातांत धरली. तेवढ्यात तिचे पाय अडकले.

चौथी आली.

"चौथी!" मागून कात्रीचा आवाज. आयुष्यात पहिल्यांदाच तो मैदानावर आला होता आणि मनापासून टाळ्या वाजवत होता. "सर, कॉलेजच्या इतिहासात चौथं कोणी आलं नव्हतं हो! माहितीपत्रकात पहिल्या पानावर घेऊ!"

भाची प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागं नळावर तोंड धूत होती. सर जवळ जाऊन उभे राहिले.

"मामा, मला दमच लागला नाही आज."

"मग गेली का नाहीस पुढं?" सर एकदम खेकसले. आवाजातला राग त्यांनाच नवा होता. जसं काही सगळं तिनंच केलं होतं.

"तू हात दाखवलास म्हणून."

"अगं, वारा बघून मी..."

"वारा नव्हता मामा." तिनं नळ बंद केला. "कोणी सांगितलं होतं तुला?"

सर शिट्टीच्या दोरीला पीळ घालत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी माझ्या करारावर सही आहे."

"अच्छा." अडलेलं गणित सुटल्यावर म्हणतात तसं ती म्हणाली. रडली असती, ओरडली असती, तर सरांना बरं वाटलं असतं. बाहीनं तोंड पुसत ती म्हणाली, "मला सांगायचंस ना. सांगितलं असतंस तरी मी मागंच राहिले असते. निदान मी काय करतेय ते मला माहीत असतं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हां आई... चौथी. नाही गं, माझंच चुकलं. शेवटी पाय उचललेच नाहीत... मामा काय करणार? त्यानं सगळं नीट सांगितलं होतं." ती बोलत होती सरांकडे बघत, न अडखळता. इतक्या सफाईनं खोटं बोलायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. "हो, इथंच आहे. देते."

सरांनी दोन्ही हात हलवून नको नको म्हटलं. तिनं फोन त्यांच्या कानाला लावला.

"दादा," बहीण म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस रे. तू होतास म्हणून एवढी तरी पोचली. मी काय म्हणते, पुढच्या वर्षीच्या फीसाठी मी कामावर दुसरी पाळीही मागून घेते. काय म्हणतोस?"

भाची समोर उभी होती. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"घे मागून," सर म्हणाले. "जूनच्या आत भरलीस तर पाच टक्के सूट असते."