वाक्यात उपयोग करा

मेंढपाळ म्हाताऱ्याला एकच मिजास होती. कळपाच्या शेवटी चालायचं ते आपणच. उन्हं तापू लागली की सगळं घर मेंढरांसह डोंगरावर जायचं आणि थंडी पडायच्या आत खाली उतरायचं. वाटेत एखादी मेंढी बसली की तिला खांद्यावर घ्यायचं, हे शेवटच्याचं काम. चाळीस वर्षं त्यानं त्या कामाला कुणाला हात लावू दिला नव्हता.

आज दुपारी लंगडी मेंढी उचलताना गुडघ्यानं दगा दिला. म्हातारा मेंढीसकट खाली बसला. मुलानं चकार शब्द न काढता मेंढी स्वतःच्या खांद्यावर घेतली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

पहाटे निघायचं म्हणून आता बांधाबांध चालली होती. भांडी, कांबळी, मेंढरांच्या मिठाची पोती, सगळं खोलीच्या मधोमध आलं. त्याचं कांबळं तेवढं खाटेवरच राहिलं.

"सूनबाई, माझं कांबळं विसरलीस."

"ते इथेच लागेल ना, मामंजी," ती गाठ आवळत म्हणाली. गाठ केव्हाच बसली होती. "शेजारच्या काकू दोन वेळा जेवण आणून देतील."

"मी आपला सावकाश येईन की, मागून."

"बाबा, तुमच्यासाठी कळप थांबवू का?" मुलाचा आवाज चिरकला. "एवढं एक वर्ष राहा. पुढच्या वर्षी बघू."

आपल्या बापाला म्हाताऱ्यानंही हेच सांगितलं होतं, ह्याच खोलीत. खाली उतरून आले तेव्हा खाट रिकामी होती. आता पोराला कुठल्या तोंडानं बोलणार? आणि पोरानं तरी दुसरं काय करावं?

तेवढ्यात नात वही घेऊन खाटेवर चढली.

"आजोबा, बाईंनी शब्द दिलाय. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. स्थलांतर."

"ऋतू बदलला की एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं," तो म्हणाला. "आणि ऋतू फिरला की परत यायचं. परत यायचं हे लिही हं, लोक तेच विसरतात."

तिनं जीभ बाहेर काढून सगळं लिहिलं. वाक्य मात्र स्वतःच रचलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"उद्या आमचं सगळं घर स्थलांतर करणार आहे. चुकलं का हो आजोबा?"

म्हाताऱ्यानं कांबळं गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"नाही गं बाळा. अगदी बरोबर आहे."