दहापैकी दहा

गुण देताना माझा हात आखडता असतो. मास्तरांच्या, म्हणजे एका निवृत्त शाळामास्तरांच्या, बँडच्या बाबतीत तर जास्तच. एकवीस वर्षं मी त्यांचा एकही कार्यक्रम चुकवला नाही. दुसऱ्या दिवशी चाहत्यांच्या ग्रुपवर त्याची चिरफाड करायची आणि आठाच्या वर जायचं नाही, हा माझा नेम. ‘हा स्वतःच्या लग्नालासुद्धा साडेसहाच देईल,’ असं लोक म्हणायचे. लग्न काही झालं नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

हा बँड ठरवून वाजवत नाही. गाणं सुरू होतं, दोन कडवी होतात, मग मास्तरांचं गिटार भलत्याच गल्लीत शिरतं आणि बाकीचे तिघे त्याच्या मागोमाग. वीस-वीस मिनिटं नुसती भटकंती. शेवटी मास्तर पहिल्या ओळीचे सूर हळूच सोडतात आणि सगळे मूळ गाण्यावर परततात. याला आम्ही चाहते ‘घरी येणं’ म्हणतो. आम्ही तिकीट काढतो ते त्या एका क्षणासाठी, आणि कोण कसं घरी आलं यावर चार-चार दिवस एकमेकांची डोकी खातो.

मग एका कार्यक्रमात मास्तर घरी आलेच नाहीत. एक्केचाळीस मिनिटं गिटार पुढे पुढेच जात राहिलं. प्रत्येक सूर जणू त्यांनाही नवा होता. शेवटी ड्रमवाल्यानेच थांबवलं. मी ढसाढसा रडलो, लपवायचं कशाला?

शेजारी माझी थोरली बहीण बसली होती. ती म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नर्स आहे. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “अरे, हा माणूस वाट विसरलाय. सारखा त्या बेस गिटारवाल्याच्या हाताकडे बघत होता.”

“ताई, तू आपली इंजेक्शनं दे. यातलं तुला काय कळतंय?”

घरी येऊन मी लिहिलं, ‘मास्तरांना आता घरी यायची गरजच उरलेली नाही. दहापैकी दहा.’ ग्रुपवर एकच गदारोळ झाला. मीही चार दिवस हवेत होतो.

महिनाभराने, पुढच्या कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी, मास्तरांच्या पत्नी माझ्या कारखान्यात आल्या. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, जिथे मी जुन्या सोफ्यांना नवं कापड लावतो. मी एका खुर्चीवर रेक्झिन ताणून धरलं होतं आणि तोंडात खिळे होते, त्यामुळे ‘या वहिनी’सुद्धा म्हणता आलं नाही. त्या स्पंजच्या ढिगावर टेकल्या.

“तुम्ही लिहिलेलं यांनी छापून फ्रिजवर लावलंय,” त्या म्हणाल्या.

मी खिळे हातावर काढले. मनातून सुखावलो होतो, हे कबूल करतो.

“दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी डोक्याच्या तपासण्या सांगितल्यात. हे जातच नाहीत. परवा जुन्या घराची बेल वाजवत उभे होते. ते घर सोडून तीन वर्षं झाली. मी काही बोलले की फ्रिजकडे बोट दाखवतात. म्हणतात, हा कडू माणूस एक तार उतरली तरी मला सोडत नाही. त्याने दहा दिलेत आणि तू म्हणतेस मी विसरतो?” त्यांनी डोळे पुसले. “माझं ऐकत नाहीत, मुलीचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.”

तरी माझा हट्ट जाईना. “रविवारी मी ऐकतो,” मी म्हटलं. “तसं असेल, तर तोंडावर सांगेन.”

रविवारी दुपारी मी पहिल्या रांगेत बसलो. तेच गाणं, तशीच भटकंती. पंधराव्या मिनिटाला बेसवाल्याने पहिली ओळ वाजवली. थोड्या वेळाने पुन्हा, आणखी सावकाश. मुलाला हाक मारावी तशी तो ती ओळ वाजवत होता. मास्तर त्याच्या बोटांकडे बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा दुसरीकडेच निघून जायचे. माझ्या मागे लोक शिट्ट्या मारत होते, “आज पण घरी नाही!” असं ओरडत होते. हे त्यांना मीच शिकवलं होतं. मागच्या वेळीही बेसवाला ती ओळ वाजवत होता. मला ती ऐकू आली होती आणि मी ती मास्तरांनी मुद्दाम झिडकारली असं समजलो होतो. ताईला जे एका नजरेत दिसलं, ते एकवीस वर्षं कान टवकारून बसलेल्या मला कळलं नाही. मला स्वतःची किळस आली.

कार्यक्रम संपल्यावर मी आत गेलो. मास्तर खुर्चीत बसून गिटार पुसत होते आणि वहिनी त्यांच्या मागे उभ्या होत्या.

“ये रे कडू कारल्या,” ते हसले. “किती देणार आज?”

“मास्तर, तुम्ही आज वाट चुकलात. बेसवाला बोलवत होता, तुम्हाला परत येता आलं नाही.”

त्यांचा हात थांबला. “पण मागच्या वेळी तू—”

“मागच्या वेळीही तेच झालं होतं. मला कळलं नाही. मी चुकीचं लिहिलं. वहिनी म्हणतात ते खरं आहे, तुम्ही उद्या डॉक्टरांकडे जा.”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, शाळेत बघत असतील तसं, सरळ.

“मग त्या एक्केचाळीस मिनिटांत चांगलं काहीच नव्हतं?”

माझ्या आयुष्यात मी त्याहून सुंदर काही ऐकलेलं नाही. आजही नाही. पण तसं सांगितलं असतं, तर ते कागद फ्रिजवर तसाच ठेवून पुढच्या महिन्यात पुन्हा स्टेजवर उभे राहिले असते. एकवीस वर्षांत त्यांच्या वाजवण्याबद्दल मी जाणूनबुजून एक शब्दही खोटा लिहिला नव्हता.

“नव्हतं,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. गिटार पेटीत ठेवलं आणि वहिनींना उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, जणू माझीच समजूत काढत, म्हणाले, “असेल बाबा. मला मात्र त्या दिवशी फार छान वाटलं होतं.”